क्रोमियमचा एकच आकडा पुरत नाही

मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई यांस,



नाशिकच्या सातपूर-अंबडमधले प्लेटिंगचे कारखाने आमच्यापासून लांब असले, तरी ते गोदावरीच्या वरच्या अंगाला आणि पुणतांबा खालच्या. म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तपासून घेतलं. कागदावर एवढंच, की एकूण क्रोमियम 0.05 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत, पाणी योग्य. पण कोणतं क्रोमियम? ट्रायव्हॅलंट आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात बहुतेक मातीतच अडकतं. हेक्साव्हॅलंट मात्र पाण्याबरोबर वाहत विहिरीपर्यंत येऊ शकतं. श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो, असं सिद्ध झालंय ते याच्याबद्दल. पाण्यातून दिल्यावर उंदरांनाही गाठी झाल्या.

नमुन्याच्या बाटलीत आधीच नायट्रिक आम्ल होतं. एकूण धातू मोजायला ते ठीक. पण आम्लात हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट होऊ लागतं. मग हेक्साव्हॅलंट ओळखायला डायफेनिलकार्बाझाइड घालून जांभळा रंग आला नाही, तरी विहीर निर्धोक कशी म्हणायची?

माशांचं तर आणखी अवघड. ज्या मात्रेत 96 तासांत निम्मे मासे मरतात, तो आकडा अहवालात 'विषारी मात्रा' म्हणून येतो. निम्मे मेले, ती मात्रा! वर्षभर त्या पाण्यात राहणाऱ्या पिलांचं काय होतं, ते त्यातून कळत नाही. प्रयोगाचं पाणी हलकं की जड, हेही पाहावं लागतं. जड पाण्यात ट्रायव्हॅलंटची बाधा कमी होते. माशांचं खाद्य असलेली इवलीशी डॅफ्निया तर माशांच्या कितीतरी आधी मरते. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी हेक्साव्हॅलंटची दीर्घकालीन मर्यादा लिटरला 11 मायक्रोग्रॅम आहे. आपल्या पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम 50 चालतं. म्हणजे आपल्याला चाललेलं पाणी रामसर स्थळ असलेल्या नांदूर मध्यमेश्वरच्या जिवांना चालेलच असं नाही.

कारखान्याच्या सांडपाण्याला हेक्साव्हॅलंटसाठी 0.1 आणि एकूण क्रोमियमसाठी 2 मिलिग्रॅम अशा वेगळ्या मर्यादा आहेतच. नदीला आणि विहिरीलाही तसंच वेगळं मोजा. आकड्याशेजारी सामू, पाण्याचा जडपणा, कोणत्या जिवावर, किती तास, हे छापा.

आमच्या घाटावर या. बाटली बिनआम्लाची आणा, बर्फात ठेवा, 24 तासांच्या आत तपासा. होडी आणि माणसं आम्ही तयार ठेवतो.

आपला,
एक शेतकरी आणि निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
पुणतांबा