हो, नाही आणि कोरी जागा

मी हजेरी घेतो तेव्हा तुम्ही ‘हाजिर’ म्हणता. मराठीत ‘हजर’, उर्दूत ‘हाजिर’. शब्द एकाच घरचा. संगणकाच्या भाषेत ही माहिती बहुधा बूलियन प्रकारात ठेवतात. या प्रकाराला दोनच किमती असतात. ट्रू म्हणजे खरे आणि फॉल्स म्हणजे खोटे. हे नाव जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञावरून पडले. त्याने 1854 साली विचारांचे नियम बीजगणिताच्या रीतीने मांडले. संगणक तेव्हा नव्हता. पुढे 1937 साली क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने दाखवले, की विजेच्या स्विचांची जोडणीही याच गणिताने मांडता येते.

आपल्या कर्जतला हे गणित दूरचे नाही. बोरघाटात रेल्वेचा चढ 37 फुटांना 1 फूट इतका आहे. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक निकामी झाला तर ती चढाच्या आडरुळावर जाऊन थांबावी, म्हणून घाटात कॅच सायडिंग केलेली आहेत. तेथील सांधा आधीपासून आडरुळाकडेच वळवलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे हे कळले, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ‘गाडी ताब्यात आहे का?’ याचे उत्तर मिळेपर्यंत ते ‘नाही’ असेच धरायचे. यात चूक झाली तर गाडीला उशीर होतो, कोणाचा जीव जात नाही. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते.

हीच रीत मी हजेरीला लावली आणि फसलो.

पायथन भाषेत मी वर्गाच्या हजेरीचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. दिवस उजाडला की प्रत्येक नावापुढे फॉल्स. मूल आले की मी ट्रू करायचो. पायथनमध्ये ट्रूची बेरीज 1 धरून होते, त्यामुळे महिन्याची हजेरी मोजणे अगदी सोपे. जुलैत एक दिवस खोपोलीची लोकल पावसामुळे बंद पडली आणि मी डोळवलीलाच अडकलो. वर्गाची हजेरी कोणी घेतलीच नाही. महिनाअखेर प्रोग्रॅमने एका मुलीचे 24 पैकी 17 दिवस दाखवले. 75 टक्क्यांपेक्षा कमी म्हणून घरी चिठ्ठी गेली. तिचे वडील रिक्षा चालवतात. अर्ध्या दिवसाची कमाई सोडून ते शाळेत आले आणि म्हणाले, “सर, त्या दिवशी ती छत्री मोडली तरी पायी आली होती.” वर्गातल्या मुलींनीही तेच सांगितले. म्हणजे 18 दिवस, बरोबर 75 टक्के.

आमचे एक सहकारी म्हणाले, तो दिवस मोजूच नका. पण मग 23 पैकी 17 होतात, जेमतेम 74 टक्के. चिठ्ठी तरीही गेलीच असती!

खरी चूक अशी, की ‘आली नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ या दोन गोष्टी मी एकाच फॉल्समध्ये कोंबल्या. माझे मत असे आहे, की सुरुवातीची किंमत लिहिण्याआधी प्रत्येकाने विचारावे: ही चूक ठरली तर नुकसान कोणाचे? घाटात ‘नाही’ हे उत्तर प्रवाशांना वाचवते. माझ्या वर्गात त्याच ‘नाही’ने एका मुलीला खोटे पाडले. जेथे उत्तर मिळालेलेच नाही, तेथे दोन खणांची पेटी पुरत नाही.

मग मी फॉल्सच्या जागी ‘नन’ ठेवले. पायथनमध्ये ही रिकाम्या जागेची खूण आहे. तरी निकाल तोच! कारण पुढे मी ‘हजर नसेल तर’ अशी अट लिहिली होती, आणि अशा अटीत पायथन ‘नन’लाही खोट्यातच धरतो. फॉल्सच आहे का, हे वेगळे तपासावे लागले. ही गोष्ट लक्षात यायला मला दोन रात्री लागल्या.

आता महिना संपला की प्रोग्रॅम टक्केवारीच्या आधी कोऱ्या जागांची यादी दाखवतो. ती यादी घेऊन मी वर्गात येतो आणि एकेकाला विचारतो. परवा एकजण म्हणाला, “सर, मी त्या दिवशी आलो नव्हतो.” मी त्याच्या नावापुढे फॉल्स लिहिले.