नेपथ्यकाराचं कच्चं चित्र आणि आपल्या संमेलनाचा फ्लेक्स

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची धावपळ सुरू होते. गाणी निवडली जातात, नाच बसवले जातात, एखादी नाटिकाही असते. मागे काय लावायचं हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं: फ्लेक्स. डोंगर, धबधबा, सूर्योदय आणि वर शाळेचं नाव. त्याच फ्लेक्ससमोर शिवरायांचा प्रसंग होतो आणि त्याच्याचसमोर 'पाणी वाचवा' नाटिका.

माझं म्हणणं असं आहे की या फ्लेक्समुळे आपण मुलांचा एक मोठा अभ्यास हिरावून घेतो. कोणता, ते सांगण्यासाठी एका नेपथ्यकाराची गोष्ट सांगतो. माणूस अमेरिकेतला आहे, पण त्याचं काम आपल्या चौथी-पाचवीच्या मुलांनाही समजेल असं आहे.

त्याचं नाव जो मिल्झिनर. जन्म 1901 चा, पॅरिसमधला. वडील चित्रकार, माणसांची चित्रं काढणारे. त्यामुळे हातात पेन्सिल लहानपणीच आली. पुढे त्याने चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं आणि मग नाटक कंपन्यांमध्ये उमेदवारी केली. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचं पहिलं नेपथ्य उभं राहिलं. 1976 मध्ये तो गेला तोवर दोनशेहून जास्त नाटकं त्याच्या नावावर होती. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यासाठी कॅमोफ्लाजचं, म्हणजे शत्रूच्या नजरेला फसवण्याचं काम केलं. नेपथ्यकाराला हे काम का दिलं असेल, असं वर्गात विचारून बघा. मुलं बरोबर उत्तर देतात.

आता मुख्य गोष्ट. 1948 मध्ये त्याच्याकडे आर्थर मिलर या लेखकाचं नवीन नाटक आलं, 'डेथ ऑफ अ सेल्समन'. विली लोमन नावाचा एक म्हातारा होत चाललेला फिरता विक्रेता. नोकरीत थकलेला, मुलांशी न पटणारा. तो स्वयंपाकघरात बसल्याबसल्या जुन्या दिवसांत जातो आणि पुन्हा आजच्या दिवसात येतो. क्षणात आज, क्षणात पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं. पुस्तकात हे वाचायला ठीक आहे, पण रंगमंचावर कसं दाखवणार? दर वेळी पडदा पाडून सामान बदलत बसलं तर प्रेक्षक कंटाळून जाईल. लेखकाच्या मनात तीन मोकळे चौथरे आणि अगदी थोडं सामान एवढंच होतं.

मिल्झिनरने पेन्सिल घेतली. त्याला वाटलं, या नाटकात सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते विलीचं घर. ते कायम दिसत राहिलं पाहिजे. मग त्याच्या चित्रांतून एक घर आकाराला आलं, ज्याला भिंती जवळजवळ नाहीत, नुसता सांगाडा. खाली स्वयंपाकघर, आईवडिलांची खोली, वर मुलांची खोली. मागे उंच इमारती, घराला घेरून टाकणाऱ्या. विली आठवणींत गेला की प्रकाशाने सगळ्यावर झाडांच्या पानांच्या सावल्या पडतात आणि इमारती जणू विरून जातात. कारण पूर्वी तिथे झाडं होती!

मुलांची अडचण आणखी गमतीची. दोन्ही मुलगे वरच्या खोलीत झोपलेले दिसतात आणि थोड्याच वेळात तेच तरुण होऊन खाली अंगणात यायला हवेत. मिल्झिनरने पलंगातच छोटी लिफ्ट बसवली. प्रेक्षकांचं लक्ष विलीकडे असताना नट पांघरुणाखालून गुपचूप खाली उतरायचे. माझ्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, मग पांघरूण रिकामं कसं नाही दिसत?’’ असा प्रश्न मुलं पाठावरून कधी विचारतात का हो?

दिग्दर्शक एलिया कझान आणि लेखक मिलर यांना ही कल्पना पटली. त्यासाठी मिलरने आपल्या लिहिलेल्या नाटकात बदल केले. विचार करा, चित्र बघून लेखकाने संहिता बदलली. 10 फेब्रुवारी 1949 ला नाटक उघडलं, 742 प्रयोग झाले, पुलित्झर पारितोषिक मिळालं. आज छापील पुस्तकाच्या पहिल्या पानावर घराचं जे वर्णन वाचायला मिळतं, त्यावर त्या नेपथ्याचा ठसा आहे.

हे सगळं आधी कागदावर घडलं. नेपथ्यकार एकदम सुतार बोलावत नाही. संहिता पुन्हा पुन्हा वाचतो, बारीक बारीक कच्ची चित्रं काढतो, त्यातली बरीच बाद करतो. मग रंगीत चित्र, जमिनीचा आराखडा, लहान प्रतिकृती आणि शेवटी सुतारासाठी मापांची चित्रं. मिल्झिनर प्रकाशयोजनाही स्वतः करायचा, म्हणून त्याच्या चित्रात उजेड कुठून येतो आणि अंधार कुठे साचतो हेही दिसतं. ती चित्रं आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. फक्त शेवटची सुबक नव्हेत, कच्चीसुद्धा.

आणि आपण शाळेत काय करतो? ‘‘खाडाखोड नको.’’ ‘‘आधी कच्च्या वहीत, मग पक्क्या वहीत.’’ कच्ची वही रद्दीत जाते आणि तपासणीला पक्की वही येते. फळ्यावर आपण नारळाचं झाड काढतो आणि चाळीस वह्यांत चाळीस तशीच झाडं येतात. याला चित्रकला म्हणायला मी तरी तयार नाही. मूल विचार करतं ते खोडलेल्या रेघेत दिसतं, आणि नेमकी तीच आपण पुसायला लावतो.

काही जण म्हणतील, वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम, ऑनलाइन माहिती, चाचण्या. शिवाय पालकांना स्टेज ‘भारी’ दिसायला हवं. खरं आहे. पण फ्लेक्सच्या पैशात कागद, खडू, जुन्या साड्या आणि पुठ्ठा सहज येतो. आणि वेळेचं म्हणाल तर हा गणिताचा तास आहे. शाळेचा ओटा 20 फूट बाय 12 फूट असेल तर अर्ध्या इंचाला 1 फूट धरून तो 10 इंच बाय 6 इंच होतो, चित्रकलेच्या वहीत मावतो. नाटकवाले असंच प्रमाण धरून आराखडे काढतात. मुलं पट्टी घेऊन ओटा मोजतील, झाड कुठे, विहीर कुठे, राजा कुठून येणार हे ठरवतील. भांडतीलही. भांडू द्या.

पालकांचा आणखी एक प्रश्न असतो, ‘‘चित्र काढून पोट भरतं का?’’ आपल्याकडे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत पुढे सिनेमापर्यंत गेले. दामू केंकरे, प्रदीप मुळ्ये ही नावं मराठी नाटकाच्या जाहिरातीत ‘नेपथ्य’ या शब्दापुढे लोकांनी वाचली आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात याचं शिक्षण मिळतं. या कामाला माप लागतं, इतिहास लागतो, लाकडाची आणि कापडाची जाण लागते, खर्चाचा हिशेब लागतो. चौथीतल्या कोणाला हे आवडेल ते आज सांगता येत नाही, पण असं काम असतं हे त्याला कळलं तरी पाहिजे.

या वर्षी एकाच नाटिकेपुरतं करून बघा. प्रत्येक गटाची कच्ची चित्रं, बाद झालेली धरून, एका फाइलमध्ये ठेवा आणि संमेलनाच्या दिवशी दाराजवळ टेबलावर मांडा. पालकांना आधी ती दाखवा, मग स्टेज.

मिल्झिनरची आणखी एक युक्ती मुलांना फार आवडते. 1947 च्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ मध्ये त्याने घराची भिंत विरळ कापडाची केली होती. समोरून उजेड पडला की भिंत, मागून उजेड पडला की पलीकडचा रस्ता दिसतो. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि दोन टॉर्च घेऊन अंधाऱ्या वर्गात हे जमतं. फक्त पुढचा टॉर्च सरळ समोरून धरू नका, वरून तिरका धरा, नाहीतर उजेड आरपार जातो आणि मागे लपलेली मुलं आधीच दिसतात.