विक्रेत्याचा शब्द आणि मराठी नाटक

डेव्हिड मॅमेटच्या ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ (१९८३) या नाटकात शिकागोतील जमीनविक्रेत्यांची स्पर्धा आहे. पहिल्यास मोटार, दुसऱ्यास सुऱ्यांचा संच, मागे पडणाऱ्यांस घरचा रस्ता. खात्रीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते यशस्वी विक्रेत्यासच मिळतात. पत्त्यांवाचून विक्री नाही, विक्रीवाचून पत्ते नाहीत. वयस्क लेव्हीनची शोकांतिका या चक्रातून घडते.

मराठी नाटकाने श्रमिकांचे दुःख जाणले आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) १९८२च्या गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेले कुटुंब आहे. तथापि संपकऱ्याचा प्रतिपक्ष मालक असतो; कमिशनवर जगणाऱ्याचा प्रतिपक्ष शेजारच्या मेजावरील सहकारीच असतो. शिवाय बोलणे हेच त्याचे श्रम. असा माणूस संवादप्रधान मराठी नाटकाच्या केंद्रस्थानी अभावानेच यावा, हे उणेपण होय.

गिरणगाव सुटलेल्या कितीएक कुटुंबांनी पुढे वसई-विरारमध्ये घरे घेतली. घर घेणाऱ्यास कोणाच्या तरी शब्दावर विसंबावेच लागते. २०२५च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेकडील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. बेघर झालेल्यांना चंदनसारच्या समाजमंदिरात आसरा घ्यावा लागला. घराच्या व्यवहारातील शब्दाचे मोल येथे कळते.

मॅमेटच्या नाटकात जेम्स लिंक हा गिऱ्हाईक करार मोडावयास येतो. त्याचे घर मात्र रंगमंचावर दिसत नाही. मराठी नाटककाराने विक्रेत्याची अगतिकता रंगविताना गिऱ्हाइकाचा उंबरठाही दाखविला पाहिजे. करुणा एकाच बाजूस राहिली, तर ती फसवणुकीचे समर्थन ठरेल.