शहाजीराजांच्या बेंगळुरूला जाताना

होळी आटोपली की नागपूरच्या घराघरांत दोन कामे एकाच सुमारास सुरू होतात. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात आणि मे महिन्यात कुठे जायचे, याची चर्चा रात्रीच्या जेवणावर रंगू लागते. नवतप्यात पारा पंचेचाळीस अंशांना भिडणाऱ्या शहरात या चर्चेला चैन म्हणता येणार नाही. एकेकाळी तिचे उत्तर चिखलदरा नाहीतर पचमढी असे ठरलेले असे. गेल्या पंचवीस वर्षांत त्यात बेंगळुरूची भर पडली. मुलगा वा लेक तेथे संगणक क्षेत्रात नोकरीला, नातवंडे तेथल्याच शाळेत. मुक्कामाची सोय घरची. शिवाय हवा आल्हाददायक! समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या या शहरात मे महिन्यात वळवाच्या सरी येतात आणि संध्याकाळी गार वारा सुटतो.

प्रवासाचा आराखडाही आता ठरून गेला आहे. दोन दिवस मॉल, एक दिवस लालबाग, तीन दिवस म्हैसूर-उटी आणि उरलेला वेळ चौदाव्या मजल्यावरच्या सदनिकेत. यात वावगे काही नाही. परंतु परतीच्या गाडीत सोबत काय येते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. छायाचित्रे येतात, म्हैसूरपाक येतो आणि बहुधा एक तक्रारही येते, 'तिकडचे लोक हिंदीत बोलतच नाहीत.' आपण परक्या मुलुखात पाहुणे होतो, असा भाव मनात ठेवूनच माणसे परततात.

तो मुलूख खरोखर परका आहे काय?

केंपेगौडांनी १५३७ साली वसवलेले हे नगर १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी जिंकले. त्या मोहिमेत रणदुल्लाखानासोबत शहाजीराजे भोसले होते. बेंगळुरूची जहागीर त्यांना मिळाली आणि कर्नाटकातील त्यांच्या कारभाराचे ते केंद्र झाले. बालशिवाजी मातोश्री जिजाऊंसह १६४० च्या सुमारास काही काळ येथे राहिले. वयाच्या बाराव्या वर्षी शहाजीराजांनी त्यांना पुण्याच्या जहागिरीवर पाठवले, असे कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त वर्णन आहे. सोबत हत्ती, घोडे, ध्वज, खजिना, अमात्य आणि अध्यापक दिले. स्वराज्याची पहिली शिदोरी बेंगळुरूहून निघाली, असे म्हणण्यास हरकत नाही. ज्या शहरात आपला नातू वाढतो आहे, त्याच शहरात शिवरायांच्या बालपणाचा काही काळ गेला, हे नागपूरच्या किती आजोबांनी त्याला सांगितले असेल?

सांगायचे तर दाखवायलाही हवे आणि दाखवण्याजोगी स्थळे आहेत. मल्लेश्वरम् भागातील काडू मल्लेश्वर मंदिरात जावे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी अर्थात एकोजीराजे यांनी या देवस्थानास गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख तेथे आहे. दोन दिवसांची सवड असेल, तर दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात होदिगेरेपर्यंत जावे. २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचे तेथे देहावसान झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. रायगडावर नतमस्तक होणाऱ्या मराठी माणसाची पावले छत्रपतींच्या पित्याच्या समाधीकडे क्वचितच वळतात. गाडी शिमोग्याला वा दावणगेरेला एक मुक्काम करून सहज जाते; जात नाही ती आपली दृष्टी.

या इतिहासाचा धडा केवळ अभिमानाचा नाही, आचरणाचाही आहे. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये यांनी 'राधामाधवविलासचंपू' रचला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रकाशात आणला. संस्कृतसह देशातील अनेक भाषांची कविता या ग्रंथात एकत्र नांदते. राजांचा दरबारही तसाच होता. कन्नड मुलखात राज्य करणाऱ्या मराठी राजाला भाषांचे वैविध्य अडचणीचे वाटले नाही, ते त्याच्या सभेचे भूषण ठरले. आज दहा-दहा वर्षे बेंगळुरूत राहून कन्नडची अक्षरओळखही न करून घेणाऱ्या आपल्या सुशिक्षित तरुणांनी यावर विचार करावा.

नागपूरला तर याहून जवळचे उदाहरण आहे. यादवराव जोशी नागपूरचेच. संगीतात उज्ज्वल भवितव्य असलेला हा तरुण संघाचा प्रचारक म्हणून १९४१ मध्ये कर्नाटकात गेला आणि १९९२ मध्ये बेंगळुरूतच त्यांचे निधन झाले. अर्धशतक त्यांनी त्या भूमीला दिले. त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या राष्ट्रोत्थान परिषदेने 'भारत भारती' या मालिकेत राष्ट्रपुरुषांची पाचशेहून अधिक छोटी चरित्रे कन्नड मुलांच्या हाती दिली. भाषा वेगळी म्हणून त्यांचे काम अडले नाही. यादवराव गेले तेव्हा तेथे त्यांचे घर नव्हते, नोकरी नव्हती. आज ज्यांची दोन्ही आहेत, त्यांनी निदान शेजाऱ्यांशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलावेत, ही अपेक्षा मोठी नाही.

सीमाप्रश्नाचे काय, असे कोणी विचारील. तो प्रश्न खरा आहे, सीमाभागातील मराठी बांधवांची वेदनाही खरी आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे आणि न्याय तेथेच व्हायचा आहे. मात्र सीमेचा वाद हा दोन समाजांतील वैराचे कारण होऊ नये. बेंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्थानकाला ज्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाचे नाव आहे, त्याला इंग्रजांनी १८३१ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील नंदगड येथे फाशी दिले. त्याच्या हौतात्म्यापुढे मस्तक झुकवताना मराठी आणि कन्नड असा भेद कोण करील?

म्हणून यंदा बेंगळुरूची तिकिटे काढताना आराखड्यात थोडी दुरुस्ती करावी. मॉलचा एक दिवस कमी करून काडू मल्लेश्वराला द्यावा. उटी पुढच्या वर्षी पाहता येईल. होदिगेरेसाठी दोन दिवस राखावेत. मुलांच्या हाती निघण्यापूर्वी शहाजीराजांचे एखादे चरित्र द्यावे. आजी-आजोबांनी 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' या दोन शब्दांच्या बळावर सुरुवात करावी. कन्नडमध्येही ते तसेच आहेत. 'चेन्नागिद्दीरा', म्हणजे 'बरे आहात ना', एवढे तिसरे वाक्य नातवाकडूनच शिकून घ्यावे.

तीर्थयात्रेला निघालेले आपले पूर्वज भाषा येत नाही म्हणून रामेश्वराच्या वाटेवरून कधी परतले नाहीत. अवघा देश आपला, ही त्यांची श्रद्धा पायी चालून दृढ झालेली होती. त्यांच्या वंशजांना आज विमान आहे, वातानुकूलित गाडी आहे. ती श्रद्धाही सामानासोबत घ्यावी. तिचे वजन होत नाही.