‘मुलं पळवणारी टोळी आलीय’, हा मेसेज पुढं पाठवण्याआधी मंगळवेढ्याच्या कुटुंबांचं काय झालं ते वाचा

उन्हाळा लागला की गावागावातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. कुठल्या गावची यात्रा कधी, पालखी किती वाजता निघणार, टँकर कुठल्या वॉर्डात आला, लाइट कधी येणार, सगळं ग्रुपवर. मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावात तर विचारायलाच नको. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, अक्षय्य तृतीयेला बसवेश्वर जयंती, मग लग्नसराई आणि आजूबाजूच्या गावांच्या जत्रा. शाळेला सुट्टी, त्यामुळं पोरं दिवसभर बाहेर.

आणि याच गर्दीत एक मेसेज हमखास येतो.

‘सावधान! आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय. साधूच्या, भिकाऱ्याच्या वेशात येतात. आपल्या मुलांना सांभाळा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.’

वाचणाऱ्याला वाटतं, खरं असो नसो, पाठवून द्यायला काय जातंय? झालं तर लोक सावधच होतील की.

काय जातंय, हे मंगळवेढा तालुक्याला माहिती आहे. कारण २०१८ साली या मेसेजमुळं जे पाच जण मारले गेले, त्यातले बहुतेक याच तालुक्यातले होते.

१ जुलै २०१८ ला राईनपाड्यात काय झालं होतं?

राईनपाडा हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. त्या दिवशी रविवार होता आणि गावचा आठवडे बाजार भरला होता. पाच माणसं बाजारात आली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. मंगळवेढा तालुक्यातल्या खवे आणि मानेवाडी या गावांमधली, एक जण कर्नाटकातला. पिंपळनेर भागात त्यांच्या कुटुंबांनी पालं ठोकली होती आणि भिक्षा मागत ते आसपासच्या गावांमध्ये फिरत होते.

त्याआधी बरेच दिवस त्या भागात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. या पाच जणांपैकी कुणीतरी एका लहान मुलीशी बोलायला गेलं, असं कुणीतरी म्हणालं आणि तेवढंच पुरलं. बाजारातली गर्दी त्यांच्यावर तुटून पडली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं गेलं. मारहाणीचे व्हिडीओ काढले गेले आणि ज्या फोनवरून अफवा आली होती, त्याच फोनवरून ते व्हिडीओ राज्यभर फिरले. पाचही जण गेले.

त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं.

सरकारनं मृतांच्या कुटुंबांना पाच-पाच लाखांची मदत जाहीर केली. पोलिसांनी व्हिडीओवरून माणसं ओळखून धरपकड सुरू केली. अटकेच्या भीतीनं राईनपाड्यातले पुरुष गाव सोडून गेले आणि गाव ओस पडलं. म्हणजे एका मेसेजनं इकडं मंगळवेढ्यातली घरं उघड्यावर आली आणि तिकडं राईनपाड्यातलीही.

ही माणसं घर सोडून एवढ्या लांब का गेली होती?

मंगळवेढ्यापासून साक्री म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राचं दुसरं टोक. पण डवरी गोसाव्यांसाठी हे नवीन नाही. ही महाराष्ट्रातली एक भटकी जमात. डवर, म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य वाजवत देवाची गाणी म्हणायची आणि भिक्षा मागायची, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा व्यवसाय. बहुतेकांकडं जमीन नाही, असली तर ती कोरडवाहू. मंगळवेढ्याचा बराच भाग, विशेषतः दक्षिणेकडची गावं, पर्जन्यछायेतली. तिथले लोक पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत आलेत.

म्हणून पावसाळा संपला की बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं, परमुलखात पाल ठोकायचं, आणि पेरणीच्या सुमाराला परत यायचं. पूर्वी गावाला हे माहिती असायचं. गोसावी आला की बायामाणसं सुपात धान्य घेऊन बाहेर यायची. तो दरवर्षी यायचा, त्यामुळं तोंडओळख असायची.

आता ‘साधूच्या वेशातली माणसं’ असा मेसेज आला की त्या वर्णनात सगळ्यात आधी कोण बसतं? हाच गोसावी. भगवे कपडे, खांद्याला झोळी, वेगळी बोली, आणि दारोदार फिरणं. त्याचा व्यवसायच त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतो.

मेसेज एवढा पसरतो कसा?

पहिली गोष्ट म्हणजे त्यात खोडून काढता येईल असं काहीच नसतं. ‘आपल्या भागात’ म्हणजे कुठल्या? ‘काल’ म्हणजे कधी? गावाचं नाव नसतं, तारीख नसते, पोलीस ठाण्याचं नाव नसतं. त्यामुळं तो मेसेज धुळ्यात खरा वाटतो, मंगळवेढ्यात खरा वाटतो आणि झारखंडातही खरा वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबतचा व्हिडीओ. २०१८ च्या लाटेत देशभर फिरलेला सगळ्यात गाजलेला व्हिडीओ भारतातला नव्हताच. तो पाकिस्तानातल्या कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं तो जनजागृतीसाठी बनवला होता. रस्त्यावर पोरं खेळतायत, बाइकवरून दोघं येतात, एका पोराला उचलून नेतात. मूळ व्हिडीओत ते दोघं पोराला लगेच परत आणून सोडतात आणि ‘मूल पळवायला एक क्षण पुरतो’ अशा अर्थाचा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या व्हिडीओत हा शेवटच कापलेला होता.

तिसरी गोष्ट म्हणजे हंगाम. २०१७ च्या मे महिन्यात झारखंडमध्ये याच अफवेनं सात जणांचा जीव गेला. २०१८ च्या मे महिन्यात तमिळनाडू, आंध्र, तेलंगणात सुरुवात झाली. जूनमध्ये आसाममधल्या कार्बी आंगलाँगमध्ये गुवाहाटीच्या दोन तरुणांना मारलं. जुलैत राईनपाडा. उन्हाळ्यात पोरं बाहेर असतात, आईबापांचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि परकी माणसंही याच दिवसांत रस्त्यावर असतात.

बरं, हे फक्त गरिबांच्या वाट्याला येतं असंही नाही. राईनपाड्यानंतर बाराच दिवसांनी, १३ जुलै २०१८ ला, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात हैदराबादहून कारनं आलेल्या मित्रांवर जमावानं हल्ला केला. कारण काय, तर त्यांनी शाळेच्या मुलांना चॉकलेटं वाटली होती. त्यात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर मारला गेला.

आणि हा विषय २०१८ मध्ये संपला असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंगळवेढ्याला लागून असलेल्या सांगलीच्या जत तालुक्यात, लवंगा गावात, उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. ते पंढरपूरला देवदर्शनाला निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

त्याच दिवशी मालेगावात पाच जण वाचले, ते कसे?

राईनपाड्याच्याच दिवशी, रात्री, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात परभणीकडच्या पाच जणांना जमावानं घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं एक मूल होतं. आरोप तोच. पण इथं काही स्थानिक लोक मध्ये पडले, त्यांनी या कुटुंबाला एका घरात घेतलं आणि पोलीस आले. चिडलेल्या जमावानं पोलिसांची गाडी उलटवली, पण पाचही जण वाचले.

अफवा तीच, दिवस तोच, जमावही मोठाच. फरक एवढाच होता की मालेगावात सुरुवातीच्या काही मिनिटांत कुणीतरी मध्ये उभं राहिलं.

सरकार, कोर्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपनं काय केलं?

१७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तहसीन पूनावाला प्रकरणात जमावाच्या हिंसेबद्दल सविस्तर आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी, असे खटले जलदगती न्यायालयात, पीडितांसाठी भरपाईची योजना आणि भडकाऊ मेसेज पसरवणाऱ्यांवर गुन्हे, असं त्यात होतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असं लिहून यायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन बाणांची खूण दिसते, ती त्याच मेसेजची. म्हणजे दोन बाण दिसले तर एक समजावं: हा मेसेज पाठवणाऱ्याला स्वतःला काहीही माहिती नाही.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. राईनपाड्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती. या संहितेच्या कलम १०३(२) मध्ये जमावानं केलेल्या खुनाचा पहिल्यांदाच वेगळा उल्लेख आला. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा किंवा अशाच कारणावरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. पण निव्वळ ‘चोर समजून मारलं’ हे या कारणांमध्ये बसतं का, हा वादाचा मुद्दा आहे. अर्थात तसं बसलं नाही तरी खुनाचं साधं कलम आहेच.

अफवा पसरवण्यासाठी कलम ३५३ आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ‘ग्रुपवर काही आलं तर अ‍ॅडमिन आत जातो’ हे मात्र सरसकट खरं नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्यानं टाकलेल्या मेसेजसाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा त्यामागं एकच हेतू होता, हे दाखवावं लागतं. पण अ‍ॅडमिन मेसेज डिलीट करू शकतो, ‘फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लावू शकतो. त्या रात्री तेवढं पुष्कळ असतं.

मग सुरक्षेचे मेसेज पाठवायचेच नाहीत का?

पाठवायचे की. मुलं हरवतात, चोऱ्या होतात, यात्रेच्या गर्दीत गळ्यातलं मंगळसूत्र जातं, हे सगळं खरंच घडतं. प्रश्न मेसेज कसा आहे याचा आहे.

उपयोगाच्या मेसेजमध्ये चार गोष्टी असतात: नेमकी जागा, तारीख आणि वेळ, सांगणाऱ्याचं नाव, आणि संपर्क करायला पोलीस ठाणं. ‘अमुक चौकातून सकाळी दहापासून सात वर्षांचा मुलगा दिसत नाही, निळा शर्ट घातलाय, दिसल्यास पोलीस ठाण्यात कळवा’, या मेसेजनं पोरगं सापडू शकतं. ‘टोळी आलीय, साधूच्या वेशात’ या मेसेजनं एकही पोरगं सापडत नाही. त्यानं फक्त एखादा साधू सापडतो.

मूल हरवलं तर पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. ‘चोवीस तास थांबा, येईल घरी’ असं सांगून परत पाठवता येत नाही. सुप्रीम कोर्टानं बचपन बचाओ आंदोलनाच्या प्रकरणात १० मे २०१३ लाच हे स्पष्ट केलंय. तातडीच्या मदतीला ११२ आहे, मुलांसाठी १०९८ आहे.

आणि अनोळखी माणूस दिसला, संशय आला, तर? त्याला विचारायला हरकत नाही. नाव, गाव, पाल कुठं ठोकलंय, एवढं विचारावं. समाधान झालं नाही तर पोलीस पाटलांना सांगावं, ११२ ला फोन करावा. पोलीस येईपर्यंत त्याला बसवून ठेवावं, पाणी द्यावं. हात उचलू नये आणि व्हिडीओ काढून ग्रुपवर टाकू नये. कारण तो व्हिडीओ पुढच्या गावात पोचतो तेव्हा ‘चौकशी केली, माणूस चांगला निघाला’ हा भाग त्यातून गळालेला असतो. फक्त ‘पकडला’ एवढंच पोचतं.

मंगळवेढ्याला संतांची भूमी म्हणतात. दुष्काळात बादशहाची परवानगी न घेता कोठारं उघडून लोकांना जगवणारे दामाजीपंत इथले. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला दामाजी ओळखत होते, असं कुणी म्हणत नाही.

या तालुक्याला या मेसेजच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. इथल्या ग्रुपवर जो मेसेज येतो त्यात टोळी बाहेरून आलेली असते. पण राईनपाड्याच्या बाजारात पोचलेल्या मेसेजमधली ‘टोळी’ मंगळवेढ्याची होती. दिवाळीनंतर इथून पुन्हा बिऱ्हाडं निघतील. नगर, नाशिक, धुळ्याकडं जातील आणि कुठल्यातरी गावाच्या कडेला पाल ठोकतील. त्या गावातल्या ग्रुपवर तोपर्यंत काय फिरलेलं असेल, त्यावर ती सगळी परत येणार की नाही हे ठरतं. आणि तो मेसेज कुठूनतरी, कुणाच्यातरी ‘पाठवून द्यायला काय जातंय’ मधूनच निघालेला असतो.