हुंकाराविना गोष्ट

‘मोबाईल दाखवल्याशिवाय घास उतरत नाही’ हे वाक्य कल्याण-डोंबिवलीच्या घरांतून आता तक्रारीच्या सुरात उच्चारले जात नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्याच चालीवर ते सांगितले जाते. दीड वर्षाचे मूल बोटाने पडदा सरकवते यात काही पालकांना बुद्धीची चमक दिसते. इंग्रजी बडबडगीते आयती कानावर पडतात, पुढे शाळाप्रवेशाला उपयोगी, असा हिशेबही असतो. उरलेल्यांना अपराधी वाटते. ठाम विरोध करणारे थोडे, आणि घरी पाहुणे आले की त्यांचाही विरोध तासाभरापुरता स्थगित होतो.

या पालकांना, त्यातही आईला, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे लेखन विपुल होते. ते आम्हाला मान्य नाही. सकाळी सातची लोकल गाठून रात्री आठला परतणारी स्त्री स्वयंपाकाला लागते, तेव्हा मूल कोणाच्या हाती द्यायचे? आजी असल्यास गुडघ्यांनी बेजार; इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दुचाक्या. २०२० च्या टाळेबंदीत तर घर, कचेरी आणि बालवाडी एकाच पडद्यात कोंबली गेली. तेव्हा शिरलेली सवय टाळेबंदीबरोबर उठली नाही, इतकेच.

वैद्यकीय बाजू पुरेशी स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या मुलांनाही पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभराहून अधिक नको, असे सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना पडदा वर्ज्य ठरवला; मात्र नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल त्यांनी अपवाद मानला.

साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबावे ते या अपवादापाशी. पडदा तोच, प्रकाश तोच; पण पलीकडची आत्या बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देते. आपल्या मौखिक परंपरेत याला फार जुना शब्द आहे : हुंकार. ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हटल्याखेरीज सांगणारी पुढे जात नाही. मूल पेंगले की चिमणीचे मेणाचे घर तिथेच थांबते, मूल घाबरले की कावळ्याचे शेणाचे घर जरा हळू वाहून जाते. गोष्ट ऐकणाराही घडवत असतो, हे आपण वर्गात लोकसाहित्य शिकवताना मोठ्या पारिभाषिक शब्दांत सांगतो. चित्रफितीला हुंकार लागत नाही. एक संपली की दुसरी आपोआप सुरू होते. मूल झोपले तरी सुरूच राहते. आमचा आक्षेप आहे तो या न थांबण्याला. पडदा मराठी बोलतो की इंग्रजी, हा प्रश्न त्यानंतरचा. (मराठी बडबडगीतांच्या चित्रफिती लावून भाषा वाचवल्याचे समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.)

पर्याय काय, असे विचारले जाते. या प्रश्नाला ठाणे जिल्ह्यानेच एकदा उत्तर दिले होते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात. साधने म्हणजे पाने, बिया, खडे. आई कामावर जाते हे त्यांनी गृहीत धरले होते, त्याबद्दल तिला बोल लावला नव्हता.

आज तशी योजकता कुठे दिसते? २०१७ च्या कायदादुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. पण कचेरी फोर्टात आणि घर डोंबिवलीत असताना तान्हे मूल घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये कोण चढणार? पाळणाघर हवे ते घराजवळ, स्थानकाच्या वाटेवर. खाजगी पाळणाघरे आहेत. तिथे पालक शुल्क विचारतात, वेळ विचारतात, अलीकडे कॅमेरे आहेत का तेही विचारतात. सांभाळणाऱ्या मावशींना गोष्टी येतात का, हे विचारताना आम्ही अजून कोणाला ऐकलेले नाही.