आधी संहिता वाचवा

डिसेंबर उजाडला की पुण्याच्या वारजे उपनगरातल्या शाळांच्या मैदानांवर मांडव पडतात. माळवाडीपासून रामनगरपर्यंत स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो आणि पाठोपाठ सोसायट्यांचे वर्षअखेरचे कार्यक्रम येतात. मुले नाचतात, एखादे नाटुकले करतात. निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांचे नाव ठळक असते, ध्वनिव्यवस्था आणि मंडपवाल्याचेही असते. नाटुकले कोणी लिहिले ते मात्र बहुतेकदा नसते. संयोजकांनाच ते ठाऊक नसते, कारण मजकूर व्हॉट्सअॅपवरून हातोहात फिरत आलेला असतो आणि लेखक वाटेत कुठेतरी गळून पडलेला असतो. ही हयगय वरवर किरकोळ वाटते. तिची किंमत किती मोठी आहे हे समजण्यासाठी याच दिवसांत जगभर नाचल्या जाणाऱ्या एका बॅलेकडे पाहावे लागेल.

'नटक्रॅकर' हा बॅले आता नाताळच्या सुट्टीचा अविभाज्य भाग झाला आहे. चायकोव्हस्कीचे संगीत कानावरून गेले नाही असे मूल वारज्यातही विरळाच असेल. जाहिरातींत, खेळण्यांत, कार्टूनमध्ये ते कुठे ना कुठे वाजतच असते. पण या नाचामागे एक पुस्तक आहे. १८१६ साली बर्लिनमध्ये ई. टी. ए. हॉफमन या लेखकाची अडकित्त्याच्या बाहुल्याची आणि उंदीरराजाची गोष्ट छापून आली. हॉफमन न्यायखात्यात नोकरी करणारा, संगीतकार आणि भयकथांचा बादशहा. साहजिकच गोष्ट गोग्गोड नव्हती. तिच्यातला उंदीरराजा सात डोक्यांचा आहे. मारी नावाची लहान मुलगी रात्रीच्या त्या लढाईत काचेच्या कपाटावर आदळून हात कापून घेते, आणि सकाळी तिने पाहिलेले खरे मानायला घरातले एकही मोठे माणूस तयार होत नाही. पोटात आणखी एक गोष्ट आहे: राजकन्या पिर्लिपाट, उंदरांच्या राणीने घेतलेला सूड, क्राकाटुक नावाचे न फुटणारे कवचफळ आणि ते फोडणाऱ्या तरुणाला भोवलेला शाप. देखणा मुलगा अडकित्ता का झाला, याचे उत्तर तिथे आहे.

१८४४मध्ये अलेक्झांडर ड्यूमाने ती कथा फ्रेंचमध्ये पुन्हा सांगितली आणि तिची धार बरीच बोथट केली. नृत्यदिग्दर्शक पेटिपाने बॅलेची आखणी केली ती या ड्यूमाच्या आधाराने. पेटिपा आजारी पडल्यामुळे नृत्ये बसवली लेव्ह इव्हानोव्हने. १८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारीइन्स्की थिएटरात पहिला प्रयोग झाला तेव्हा पिर्लिपाट आणि क्राकाटुक दोन्ही गायब होती. दुसऱ्या अंकात कथा जवळपास संपतेच. मिठायांच्या राज्यात एकामागून एक नाच तेवढे होतात. समीक्षकांनी तेव्हा नाके मुरडली होती. या बॅलेला नाताळचा रिवाज बनवले ते पुढे अमेरिकेने, मुख्यतः १९५४च्या जॉर्ज बॅलन्शिनच्या प्रयोगानंतर.

म्हणजे मूळ कृती दोनदा पातळ झाली. तरीही ती मेली नाही, कारण पुस्तक शाबूत होते. १९८३मध्ये सिअॅटलच्या बॅले कंपनीने चित्रकार मॉरिस सेंडॅकला हाताशी धरून 'नटक्रॅकर' नव्याने बसवला, तो सरळ हॉफमनकडे परत जाऊन. दीडशेहून अधिक वर्षांनंतर परत जाण्यासाठी वाट होती.

आपल्याकडे ती आहे का? एक उदाहरण असे की छाती फुगावी. हॉफमनच्याच काळात तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. वयाने दोघांत जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांचे अंतर. राजांनी भरतनाट्यासाठी मराठीत निरूपणे रचली. एकच कथासूत्र घेऊन एकामागून एक नृत्यप्रकार गुंफणारी ही रचना, 'कोर्व्यांच्या साहित्याचा जिन्नस' या नावाची. नाचणाऱ्या गेल्या, नाचवणारे गेले, दरबार गेला. पण हस्तलिखिते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली. विसाव्या शतकात ती छापली गेली आणि मुंबईत गुरु पार्वतीकुमारांनी त्यांत पुन्हा प्राण फुंकला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ते काम पुण्यात आणले. कागद राहिला म्हणून दीडशे वर्षांनी पाय थिरकले.

याच पार्वतीकुमारांचे नाव 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या 'चंद्रशाला' या बालविभागाशीही जोडलेले आहे. तिथल्या मुलांच्या 'दुर्गा झाली गौरी' या माधव साखरदांडेलिखित नृत्यनाट्याने मुंबईतल्या पिढ्यांना वेड लावले. मराठी मुलांच्या सुट्टीचा बॅले कोणता, असे विचारले तर आम्ही याच नाट्याकडे बोट दाखवू. त्याच्याभोवती फार मोठे दालन आहे. १९५९मध्ये सुधा करमरकरांनी मुंबईच्या साहित्य संघात रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' करून बालरंगभूमीला घर मिळवून दिले. मतकरींनी पुढे स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली. पुण्यात सई परांजपे यांनी मुलांना 'पत्तेनगरीत' नेले, तेंडुलकरांनी 'राजाराणीला घाम हवा' लिहिले आणि १९८६पासून मोहन आगाशे, श्रीरंग गोडबोले प्रभृतींनी बर्लिनच्याच ग्रिप्स थिएटरची नाटके मराठी मातीत रुजवली.

ही मोठी नावे. यांची काही पुस्तके छापली गेली, म्हणून २०१८मध्ये 'अलबत्या गलबत्या' नव्याने आले आणि वैभव मांगले यांची चेटकीण पाहायला वारज्याची मुले कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहापर्यंत गेली, तेव्हा आजीला, आईला आणि नातवाला एकच नाटक माहीत असण्याचे दुर्मीळ भाग्य घरोघरी आले. आमची भीती उरलेल्यांबद्दल आहे. मे महिन्याच्या शिबिरांसाठी लिहिणारे शिक्षक, गावोगावच्या हौशी संस्था, राज्य बालनाट्य स्पर्धेत एकदाच चमकलेले लेखक. त्यांची संहिता म्हणजे शंभर पानी वही किंवा टाइप केलेल्या चार कार्बन प्रती. त्यातल्या तीन तालमीत फाटतात. गाण्यांच्या चाली वाजवणाऱ्याच्या डोक्यात असतात. छापील पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत देण्याची सक्ती १९५४च्या कायद्याने प्रकाशकावर आहे. वहीला प्रकाशकच नसतो, मग सक्ती कोणावर करणार?

इथे वारजे पुन्हा येते, आणि नुसते उदाहरण म्हणून येत नाही. पेठांतले वाडे पडू लागले तेव्हा तिथली मध्यमवर्गीय कुटुंबे कोथरूड, कर्वेनगर, वारज्याकडे सरकली. त्यांच्या सामानात मामांचा मेकअपचा डबा होता, मावशीचे नाटकाचे फोटो होते आणि नाटकांच्या वह्याही असणार. त्या आज इथल्या फ्लॅटांच्या माळ्यांवर आहेत. आणि आता त्या इमारतीही पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या राहात आहेत. वाड्यातून निघताना वाचलेली वही दुसऱ्या स्थलांतरात वाचेल याची खात्री कोण देईल? भाड्याच्या घरात जाताना माळा रिकामा करणारा नातू पुठ्ठ्यांबरोबर ती किलोच्या भावाने घालवून मोकळा होईल. त्याला दोष तरी कसा द्यायचा? त्या वहीला काही मोल आहे असे त्याला शाळेने, पालिकेने, सरकारने कधी सांगितलेच नाही.

यावर एक ठरलेला खुलासा येतो: आता सगळ्याचे व्हिडिओ होतात, काळजी कशाला? व्हिडिओ एका संध्याकाळचा एक प्रयोग दाखवतो. त्यावरून नाटक बसवायचे तर मुले त्या प्रयोगाची नक्कल करतील. स्वतःचे नाटक करणार नाहीत. सेंडॅकला १८९२चा प्रयोग हुबेहूब पाहायला मिळाला असता तरी त्यात क्राकाटुक सापडले नसते. शिवाय ज्या नाटकांबद्दल आम्ही बोलतो आहोत त्यांचे व्हिडिओ नाहीतच. तेव्हा लग्नातसुद्धा कॅमेरा नवलाईचा होता.

दुसरा खुलासा हक्कांचा. संहिता खुली केली तर लोक फुकट प्रयोग करतील, मानधन बुडवतील, म्हणून वारस वही दाबून बसतात. ही शंका रास्त आहे आणि मराठी नाट्यसृष्टीने ती आपल्या कर्माने ओढवून घेतली आहे. पण जतन करणे आणि खुले करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सरफोजींची हस्तलिखिते ग्रंथालयात होती याचा अर्थ ती कोणीही लुटत होते असा नव्हता. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. कागद तितका टिकेलच असे नाही, आणि जो मजकूरच उरला नाही त्याच्या मानधनाचा प्रश्नही उरत नाही.

सरकारला यासाठी नवे महामंडळ काढण्याची गरज नाही (कृपा करून काढूही नये). महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. या सेन्सॉरवर कलावंतांनी दशकानुदशके राग काढला, तो योग्यच होता. पण त्याच सक्तीमुळे नाटके सरकारदरबारी जमा होत आली. त्या दप्तरातली बालनाट्ये वेगळी काढावीत, स्कॅन करावीत. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ पुस्तके आणि नियतकालिके संगणकावर आणण्याचे काम केलेच आहे. यादीत आणखी एक सदर वाढेल, इतकेच. महापालिकेने आपल्या नाट्यगृहांत बालनाट्याला भाड्यात सवलत देताना जाहिरातीवर लेखकाचे आणि मूळ कथेचे नाव छापण्याची अट घालावी. वारज्यातल्या शाळांना तर कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. येत्या संमेलनाच्या पत्रिकेत मंडपवाल्याच्या वर एक ओळ सहज मावते, आणि ती भरण्यासाठी मराठीच्या बाईंना चार फोन करावे लागले तर त्या चारांपैकी एखादा फोन वही जपून ठेवलेल्या घरी लागेल.

राज्य बालनाट्य स्पर्धा सांस्कृतिक कार्य संचालनालय दरवर्षी घेते. प्रवेशिकेबरोबर आलेली संहिता, गाण्यांच्या ध्वनिमुद्रणासह, कायम संग्रहासाठी जमा राहील, ही अट तिच्या नियमावलीत घालायला विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही. संचालकांच्या सहीचे एक परिपत्रक पुरते. ते येत्या स्पर्धेच्या प्रवेशिका निघण्यापूर्वी काढावे.